खारा वारा, बंद घर आणि तुमची खरेदीची यादी

तुमचं पत्र दोनदा वाचलं. गेल्या गणपतीला ठाण्याहून मिठबावच्या घरी आलात ते कायमचे राहायलाच, आणि तेव्हापासून घरात आलेल्या वस्तूंची यादी पाठवलीत: दीड टनी इन्व्हर्टर एसी, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, आरओ, साइन वेव्ह इन्व्हर्टर पण बॅटरी ठाण्याचीच जुनी, चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, ७५० वॅटचा मिक्सर, एअर फ्रायर आणि फरशी पुसणारा रोबो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. यातलं इथे काय टिकेल, पावसाआधी आणखी काय घ्यावं, आणि मी स्वतः वर्षभरात काय घेतलं. शेवटी जाता जाता लिहिलंत की जुलैपासून दोन महिने लेकीच्या बाळंतपणासाठी ठाण्याला जाणार, घर बंद राहील. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

देवगड तालुक्यात मी २६ वर्षं घरगुती वस्तू दुरुस्त करतो. शहरात वस्तू वापरून झिजते. आपल्याकडे ती बंद राहून मरते. चाकरमान्यांचं घर मे महिन्यात उघडतं, मग गणपतीत उघडतं, आणि दोन्ही वेळा माझ्या दुकानासमोर रांग लागते. गेल्या खेपेला नीट चालत असलेला फ्रीज, धड असलेला मिक्सर, कुणी हात न लावता बिघडलेले असतात. खारा वारा, दमट हवा आणि स्वस्थ बसणं या तिघांनी मिळून केलेलं ते काम असतं. म्हणून तुमच्या यादीकडे मी मॉडेल आणि किंमत बाजूला ठेवून बघतोय.

आधी यादीत नसलेली वस्तू सांगतो, कारण बाकी सगळ्यांचं आयुष्य तिच्या हातात आहे. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. मेन बोर्डात एमसीबीच्या, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या शेजारी बसतो, दोन हजारांच्या आत मिळतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली गेलं की अख्ख्या घराचा पुरवठा तोडतो आणि परिस्थिती ताळ्यावर आली की दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा जोडतो.

गेल्या जूनमध्ये पहिल्याच वादळी पावसात आमच्या वाडीत माडाचं चुडत तारांवर पडलं आणि न्यूट्रल तुटला. न्यूट्रल तुटणं म्हणजे लाईट जाणं नव्हे, त्याहून वाईट. खांबावर वीज आणणाऱ्या तीन तारा, म्हणजे फेज, आणि परतीची एक तार, म्हणजे न्यूट्रल, असते. तुमच्या घरात एक फेज आणि न्यूट्रल येतात, त्यांच्यात २३० व्होल्ट. न्यूट्रल मधूनच गेला की तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं शेजाऱ्याचं घर एका माळेत गुंफली जातात, आणि त्या माळेच्या दोन टोकांत ४०० व्होल्ट असतात. ज्याच्या घरात कमी वस्तू चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. दोन बल्ब आणि टीव्ही लावून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात ३०० च्या वर जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी टीव्ही रिक्षात घालून घेऊन आल्या. म्हणाल्या, "लायट एकदम भगभगली आणि टीव्ही गेलो रे." पाठीमागचं झाकण काढलं तर आत पॉवर सप्लायच्या तोंडाशी जी निळी चकती असते, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी, ती मधोमध फुटून भोवती काजळीचा काळा गोल पडला होता. ती चकती स्वतः मरून बाकीच्यांना वाचवते, पण एकदाच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा टीव्ही आणि दोन फ्रीज आले. राऊटरचे अॅडॉप्टर वेगळे.

माझ्या घरी त्याच रस्त्यावर काहीही झालं नाही, कारण एप्रिलमध्ये प्रोटेक्टर बसवला होता. वर्षभरातली माझी सगळ्यात चांगली खरेदी कोणती असं विचाराल तर हीच. एसीच्या खोक्यावर 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात. त्याचा अर्थ एवढाच की शेजारी छापलेल्या व्होल्टेजच्या हद्दीत तो चालेल. ४०० व्होल्टच्या दिशेनं निघालेल्या लाईनीशी त्या वाक्याचा काही संबंध नाही.

याच्याच जोडीला अर्थिंग. तुमच्या घराचा खड्डा तुमच्या वडिलांच्या वेळचा, म्हणजे लोखंडी पाइप, कोळसा आणि मीठ घातलेला असणार. आपली जमीन जांभ्याची. पावसात पाणी पितो आणि दिवाळीनंतर सोडून देतो, फेब्रुवारीपर्यंत कोरडा ठणठणीत. कोरडा खड्डा असून नसल्यासारखा. वर मीठ पाइपाला खातं, दहा-पंधरा वर्षांत खाली पाइप शिल्लक असतोच असं नाही. वायरमनला बोलावून मीटरनं मोजून घ्या, ५ ओहमच्या आत यायला हवं. नसेल तर नवा खड्डा मारा, शक्यतो न्हाणीघराच्या किंवा विहिरीच्या सांडपाण्याच्या बाजूला, म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहते. नाहीतर फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा दोन बादल्या पाणी तिथे ओतायचं, तुळशीला घालतो तसं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, बोर्डात आहे का तेही बघा. ओल्या भिंती, अनवाणी पाय आणि वॉशिंग मशीन असलेल्या घरात ती नसेल तर मला काळजी वाटते. आणि ती वारंवार पडते म्हणून कुणी वायरमन तिला बायपास करतो म्हणाला, तर त्याला करू देऊ नका. पडते म्हणजे कुठेतरी करंट गळतोय, तो शोधायचा.

आता एसी. दिवाळीत घेतलात ते बरं केलंत, २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला त्याचा फायदा मिळाला असेल. तांब्याची कॉईल आणि निळ्या थराच्या पट्ट्या आहेत असं तुम्ही लिहिलंत, तेही चांगलं. पण बाहेरचं युनिट समुद्राकडच्या भिंतीला लावलंय, 'वारा लागावा म्हणून'. हे बदला. तोंडवळीच्या एका घरातलं असंच युनिट तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं होतं. घेतल्याला चार पावसाळे झाले होते. मागच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवरून नुसतं बोट फिरवलं तर शिळ्या पापडासारखा चुरा हातात आला, पांढरट राखाडी. आतल्या तांब्याच्या नळ्यांना जोडाजवळ हिरवा गंज फुटलेला, आणि तिथूनच गॅस गेलेला. घरमालकांनी तोवर तीनदा गॅस भरून घेतला होता. भरून देणाऱ्यानं एकदाही गळती शोधली नव्हती.

युनिट जमिनीच्या बाजूच्या भिंतीवर, पागोळीच्या आत घ्या. हलवायचा खर्च एकदा होईल. महिन्यातून एकदा एमसीबी पाडून गोड्या पाण्यानं, पाइपाच्या साध्या धारेनं पट्ट्या धुवायच्या. जोराचा फवारा नको, पट्ट्या वाकतात. प्लास्टिक गुंडाळून बांधून ठेवायची चूक बरेच जण करतात. आत ओलावा कोंडतो आणि उघड्यावर चार वर्षांत होणारा गंज दोन वर्षांत होतो. वरून पत्र्याची पडवी असली की पुरे, बाजू मोकळ्या. आणि युनिट ज्या लोखंडी ब्रॅकेटवर बसलंय त्याचे बोल्ट आजच बघा. तपकिरी पाणी भिंतीवर ओघळलं असेल तर पावसाआधी बदला. बोल्ट घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, 'बघा, चिकटत नाही, अस्सल स्टेनलेस'. ३०४ नंबरचं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण हलकं २०२ नंबरचंही चिकटत नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात ते लवकर तांबूस पडतं. तेव्हा चुंबकावर न जाता नंबर विचारून, बिलावर लिहून घ्या.

पंखे आणि इन्व्हर्टर एकत्र बघू, कारण त्यांचा हिशोब एकच आहे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, तुमचे बीएलडीसी २८ ते ३५. रात्री लाईट गेली आणि दोन पंखे, पाच एलईडी दिवे, राऊटर आणि छोटा टीव्ही चालू आहेत असं धरू. जुन्या पंख्यांनी हा भार अडीचशे वॅटच्या वर जातो, तुमच्या पंख्यांनी पावणेदोनशेच्या आत राहतो. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात ती पूर्ण उपसायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, तेव्हा १२०० धरून चाला. म्हणजे जुन्या पंख्यांवर साडेचार-पावणेपाच तास, तुमच्यावर जवळजवळ सात. टीव्ही बंद करून दोन पंखे, राऊटर आणि तीन दिव्यांवर आलात तर १२ तास. निसर्ग चक्रीवादळ आलं ३ जून २०२० ला आणि तौक्ते पुढच्याच वर्षी मे महिन्यात. दोन्ही वेळा कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. ज्यांनी हा हिशोब आधी केला होता त्यांचे फोन तरी चालू राहिले.

पण ठाण्याहून आणलेली ती जुनी चपट्या प्लेटांची बॅटरी इथे चालणार नाही. ठाण्यात ती महिन्यातून दोनदा अर्धा तास दमत असेल, इथे जूनमध्ये रोज रात्र काढावी लागेल. उंच ट्यूब्युलर, म्हणजे नळ्यांच्या प्लेटांची, घ्या. पाणी डिस्टिल्डच घाला, विहिरीचं कितीही गोडं असलं तरी नाही. टर्मिनल गरम पाण्यानं पुसून पेट्रोलियम जेली लावा, आणि ती देवघराच्या किंवा झोपायच्या खोलीत न ठेवता हवा खेळती असेल तिथे ठेवा.

मी स्वतः फेब्रुवारीत लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली, १२.८ व्होल्ट, १०० एएच. आकड्यात छोटी दिसते, पण ८०-९० टक्क्यांपर्यंत बिनधास्त उपसता येते, म्हणजे हाती जवळजवळ १५० च्या ट्यूब्युलरइतकंच पडतं. लाईट दोन-अडीच तासच आली तरी बरीचशी भरून घेते, आणि आमच्याकडे पावसात लाईटचं येणं असंच असतं. पाणी घालायला नको, आम्लाची वाफ नाही. महाग आहे. आणि ती कोणत्याही इन्व्हर्टरला लावायची नसते, इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सोय असली पाहिजे. तुमच्या मॉडेलात ती आहे का हे पुस्तिकेत बघा. असेल आणि पैशाची अडचण नसेल, तर दोन महिने घर बंद ठेवणाऱ्या माणसासाठी मी हीच सुचवेन, कारण पडून राहिली तरी ती फारशी उतरत नाही.

बीएलडीसी पंख्यांची एक अडचण मात्र सांगून ठेवतो. चारातला एक तुम्ही पडवीत लावलाय. या पंख्याच्या आत सर्किट असतं, आणि पडवीत समोरून झड येते. साध्या पंख्याचा बिघाड म्हणजे दहातल्या सात वेळा कपॅसिटर, चाळीस-पन्नास रुपयांचं काम, गावातला कुणीही करून देतो. बीएलडीसीचं सर्किट त्याच कंपनीचं लागतं आणि ते यायला आठ-पंधरा दिवस जातात, आले तर. पडवीतला काढून आतल्या खोलीत लावा, पडवीत साधा पंखा टांगा.

मिक्सरबद्दल वहिनींनी वेगळा प्रश्न विचारलाय: पाच महिन्यांत भांड्याखालून काळं पाणी का गळतं आणि वास का येतो. मला हा प्रश्न आला याचा आनंद झाला, कारण आपल्या पट्ट्यात मिक्सर कशानं मरतो हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. शहरातला मिक्सर चटणी आणि ज्यूस करतो. आपल्याकडे तो रोज वाटप काढतो. भाजलेला कांदा-खोबरं, धणे, मिरची, वर ओलं खोबरं, आणि गंधासारखं बारीक हवं म्हणून दहा-बारा मिनिटं. खोबऱ्याचं तेल सुटतं, भांडं तापतं, तळाच्या पात्याच्या दांड्याभोवती जी बुश असते तिच्यातलं वंगण त्या गरम तेलात विरघळून जातं. मग दांडा कोरडा फिरतो, बुश झिजते, फट पडते आणि वाटपाचं पाणी थेंबथेंब खाली कपलरवर, म्हणजे भांडं मोटरला जोडणाऱ्या दातेरी चकतीवर, तिथून मोटरच्या दांड्यावर. ते काळं पाणी म्हणजे झिजलेल्या धातूची पूड आणि खोबऱ्याचं तेल. पाणी मोटरच्या वरच्या बेअरिंगमध्ये शिरलं की दोन-चार दिवसांत गंज धरतो, मोटर जड चालते, आणि वास यायला लागतो तो वायंडिंगचा.

उपाय स्वस्त आहे, वेळेवर केला तर. भांडं उलटं धरून पात्याचा दांडा हातानं हलवून बघा. दांडा बाजूला थोडाही डुगडुगत असेल तर बुश आणि वॉशर बदलायला आणा, मोटर वाचेल. वाटप करताना पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं थांबा. सलग किती मिनिटं चालवायचा ते मिक्सरच्या बुडाशी पट्टीवर छापलेलंही असतं. झाल्यावर भांडं पाण्यात बुडवून ठेवू नका, लगेच धुऊन उलटं वाळवा. मी या वर्षी घरी मिक्सर बदलला तेव्हा वॅट न बघता आधी भांडी उलटी करून बघितली. बुश आट्यांची, खोलून बदलता येणारी आहे की ठोकून कायमची बसवलेली, एवढंच विचारलं. दुकानदारानं तीन कंपन्यांचे खोके उघडले तेव्हा एकात खोलता येणारी सापडली, तोच घेतला. आणि घावण्यांचे तांदूळ आम्ही आता मिक्सरवर काढतच नाही, त्यासाठी दोन लिटरचा दगडी ग्राइंडर घेतला. मिक्सरवरचं पीठ तापतं, ग्राइंडरवरचं थंड राहतं आणि घावणा जाळीदार सुटतो. त्याच्यासोबत नारळ खवायचं जोडपातंही आलं, पण आईचं मन आडाळ्यावरच, म्हणजे खवणीच्या विळीवरच. तिच्या हातचा चव (खवलेलं खोबरं) मशीनपेक्षा बारीक पडतो हे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय, म्हणून तिच्याशी वाद घालत नाही.

आरओ परत करता आला तर करा. मी शे-दीडशे विहिरींचं पाणी मोजलं असेल. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, पेनाएवढं मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, ती माझी वर्षातली सगळ्यात स्वस्त खरेदी. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं निघतं. आमच्या विहिरीचा आकडा ७४ आला. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत चालेल म्हणतं. इतक्या हलक्या पाण्यातून आरओ उरलेसुरले क्षारही काढून टाकतो, आणि ग्लासभर पाण्यासाठी दोन-तीन ग्लास मोरीत सोडतो. एप्रिल-मेत विहीर तळाला गेलेली असताना ते बघवत नाही. आपल्या पाण्यात भीती असते ती पावसाळ्यातल्या गढूळपणाची आणि जंतूंची, त्याला गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरतं, लाईट नसेल तेव्हा उकळणं. खाडीकाठी गोष्ट वेगळी. तिथे मे महिन्यात विहिरीला खारं पाणी लागतं, तिथल्या एका विहिरीवर मी ६०० च्या वर आकडा पाहिलाय. तुमची विहीर डोंगराच्या बाजूची आहे असं लिहिलंत, तरी एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसात, इथे असाल तेव्हा, मोजा.

वॉशिंग मशीन चांगलं आहे. पावसात कपडे वाळत नाहीत तेव्हा १२०० फेऱ्यांच्या पिळण्याची किंमत कळते. 'पाणी घेत नाही' ही तुमची तक्रार मशीनची नसावी. बऱ्याच मशिनांना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीचं पाणी मशीनच्या नळापेक्षा निदान दहा फूट उंचीवर हवं. तुमची टाकी न्हाणीघराच्या पत्र्यावर आहे. टाकी उचला किंवा छोटा प्रेशर पंप लावा, आणि त्याआधी नळीच्या तोंडाची जाळी काढून बघा, लाल माती अडकलेली असेल. मशीनखाली प्लास्टिकचा स्टँड घाला, खालचा पत्रा जमिनीच्या ओलीनं आधी जातो.

रोबो आणि एअर फ्रायर आहेत तर वापरा. फ्रायरचा प्लग मात्र १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

सोलरचं विचारलंत. प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते चांगलंच आहे. पण एक गोष्ट आधी स्पष्ट समजून घ्या, कारण पैसे भरून झाल्यावर लोक माझ्याकडे येऊन हळहळतात. साधं ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की स्वतःही बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल, तो खर्च वेगळा. तुमचं घर कौलारू, त्यावर वाऱ्याला टिकेल असा सांगाडा बसवणं कठीण. खळ्याच्या कडेला जमिनीवर उभारा, अॅल्युमिनियमचा किंवा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, आणि माडापासून लांब. नारळ पॅनलवर पडला तर काचेचं काय होतं ते मी पाहिलंय.

माझ्या खरेदीत दोन वस्तू राहिल्या. एक ग्रास कटर, फोर स्ट्रोक, ३५ सीसीचा. बागेतलं रान पावसानंतर माणसाला दिसेनासं करतं आणि गडी मिळत नाही. टू स्ट्रोकपेक्षा जड आहे, पण तेल मिसळायची कटकट नाही. त्याचं पेट्रोल हंगाम संपला की टाकीतून काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि टाकीत पडून राहिलं की खाली पाणी जमून कार्ब्युरेटर खराब होतो. तुमच्याकडे पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप असेल तर त्यालाही हेच.

दुसरी, आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर. आमच्या वाडीच्या भजनमंडळाची पेटी आमच्या माजघरातल्या कपाटात असते. जुलैत तिच्या पट्ट्या फुगून अडकायच्या, सूर दाबला की उठायचा नाही. मीटर कपाटात ठेवलं तर ९२ टक्के. कपाटाला खाली १५ वॅटचा जुना झिरोचा बल्ब लावला, तारेची जाळी घालून, कापडाला लागणार नाही असा. चार दिवसांत आकडा ६० च्या खाली आला आणि गेल्या गणपतीत पेटी पहिल्या आरतीपासून बोलली. तुमचा कॅमेरा आणि वहिनींच्या पैठण्या अशाच एका कपाटात ठेवा. बल्ब सततचा असल्यामुळे तो घरी कुणी असतानाच. घर बंद असताना सिलिका जेलच्या पिशव्या.

आणि आता ते दोन महिने. जायच्या आदल्या दिवशी फ्रीज रिकामा करून, पुसून, बंद करून दार फडकं घालून किलकिलं ठेवा. मशीनचं दारही उघडं, दाराचं रबर आतून कोरडं पुसून. एसीचं बाहेरचं युनिट धुवा आणि एमसीबी पाडा, आत शिरलेली पाल सर्किटवर चढते आणि एसी आणि पाल दोघंही जातात. केबल आणि राऊटरच्या वायरी भिंतीतून काढून ठेवा, वीज आकाशातून आली तर ती याच वाटेनं घरात येते. ट्यूब्युलर बॅटरी घेतलीत तर इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद पण चार्जिंग चालू. लिथियम घेतलीत तर अर्धी भरलेली ठेवून सुटी करा. किल्ली शेजारी द्यालच, तर त्यांना एवढं सांगा की पंधरा दिवसांतून एकदा उघडीप बघून खिडक्या उघडायच्या, चारही पंखे तासभर फिरवायचे आणि मिक्सर रिकाम्या भांड्यावर अर्धा मिनिट चालवायचा. जमलं तर जायच्या आधी मेन बोर्डाचा आणि मिक्सरच्या भांड्याच्या तळाचा फोटो काढून ठेवा. परत आलात की गणपतीच्या गडबडीआधी मी येऊन दोन्ही बघून जाईन.